हार्नेसचा ब्रिज किती पेलतो? उतरवलेला दोर तोडून पाहण्याची रीत

उत्तरायण उरकले तरी बडोद्यातल्या कडुलिंबांवर आणि वडांवर मांजा कितीतरी दिवस लोंबकळत राहतो. त्यात अडकलेला पक्षी सोडवायचा असो की पावसाळ्याआधी धोक्याची फांदी उतरवायची असो, शिडी पुरत नाही आणि मग कोणीतरी दोर-हार्नेसची वाट धरतो. अशा नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढासा दोर मला पेलेल ना?"

पेलेल. हिशेबच मांडू. ८० किलोचा माणूस स्थिर लटकला तर दोरावर ०.७८ किलोन्यूटन ओढ येते. चढाईच्या कमी ताणाऱ्या दोरांसाठी युरोपात ईएन १८९१ हे मानक आहे. त्याच्या 'ए' वर्गातला दोर सरळ ओढला तर किमान २२ किलोन्यूटन पेलायला हवा, म्हणजे सुमारे २,२४० किलो. टोकांना गाठ किंवा शिवण असेल तर त्याने १५ किलोन्यूटन तीन मिनिटे धरून ठेवायला हवेत. अमेरिकेत झाडावर काम करणाऱ्यांचे झेड १३३ मानक चढाईच्या दोराला ५,४०० पौंड मागते, ते २४ किलोन्यूटन होतात. कुठूनही मोजा, आपल्या वजनाच्या पंचवीस-तीस पट ताकद दोरात असते.

मग तपासायचे काय? ही पंचवीस-तीस पट कोण खाऊन टाकते, ते. गाठ थोडी खाते, रिंगवरचा बाक थोडी खातो, बाकीची घासणी, ऊन आणि पाणी मिळून खातात. चुकीची बांधलेली गाठ तर सगळीच गिळते. नव्या दोराची परीक्षा कारखान्याने घेतलेली असते, त्यावर आणखी पैसे घालवू नका. तोडून पाहण्यासारखा दोर म्हणजे तुम्ही वर्षभर वापरून उतरवलेला ब्रिज, हार्नेसच्या पुढचा हातभर दोर. दुसरी पायरी सोडली तर पुढची सगळी पद्धत त्याच्यासाठीच आहे.

आधी ब्रिज नीट ओळखा

झाडावर चढायच्या हार्नेसला पुढच्या बाजूला, कमरेच्या दोन कड्यांमध्ये हातभर दोर बांधलेला असतो. तोच ब्रिज. त्यावर एक रिंग मोकळी सरकते आणि चढाईचा दोर त्या रिंगला जोडतात. तुम्ही फांदीवर डावी-उजवीकडे झुकलात की रिंग सरकते आणि कंबर पिळवटत नाही. सोय मोठी आहे, पण तुमचे सगळे वजन त्या हातभर तुकड्यावर आणि त्याच्या दोन टोकांवर असते. कामाच्या वेळी दुसरी लॅनयार्ड (हार्नेसला लावायचा आखूड जोडदोर) लावायची शिस्त असली तरी वर जाताना, हलताना भार इथेच येतो.

बाजारात आयएस ३५२१ चा छाप असलेले 'सेफ्टी बेल्ट' सहज मिळतात. ते कारखान्यात आणि इमारतीवर पडणाऱ्याला अडवण्यासाठी असतात. त्यांना पाठीवर कडी असते, ब्रिज नसतो. त्यांच्या पुढच्या पट्ट्यांत स्वतः दोर ओवून 'जुगाड ब्रिज' करणारे मी पाहिले आहेत. त्याची चाचणीसुद्धा करू नका, सरळ सोडवून टाका.

आता कोनाचा मुद्दा. रिंग मध्ये असते तेव्हा ब्रिजच्या दोन बाजूंचा इंग्रजी 'व्ही'सारखा आकार होतो. दोन बाजू अगदी समांतर असतील तर प्रत्येकीवर निम्मा भार येतो. मधला कोन ६० अंश झाला तर प्रत्येकीवर ५८ टक्के, ९० अंशांना ७१ टक्के, १२० अंशांना पुरता शंभर टक्के. १५० अंशांवर तर प्रत्येक बाजू तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट ओढली जाते. म्हणून ब्रिज फार आखूड बांधू नये. आखूड केला की कोन उघडतो. 'रिंग अंगाजवळ असली की बरे वाटते' म्हणून आखूड करणारे पुष्कळ आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

गाठी: तुटणे वेगळे, निसटणे वेगळे

ब्रिजच्या टोकाला साधारण दोन प्रकारची बांधणी दिसते. एकात दोर बाजूच्या पट्टीच्या भोकातून किंवा कडीतून पलीकडे काढून तिथे दोन किंवा तीन वेढ्यांची ओव्हरहँड, म्हणजे साधी गाठ, मारतात. ती गाठ भोकातून मागे येऊ शकत नाही, म्हणून दोर अडतो. दुसऱ्यात कडीभोवती फास टाकून त्याच दोन-तीन वेढ्यांच्या गाठीने तो आवळतात. भार येईल तसा हा फास कडीवर घट्ट बसतो. तिसरा प्रकार कारखान्यात शिवलेल्या टोकांचा. त्यात तुम्ही काही करायचे नसते, फक्त शिवणीवर नजर ठेवायची. तुमच्या हार्नेसच्या पुस्तिकेत जो दोर आणि जी गाठ सांगितली आहे ती सोडून दुसरे काही लावू नका. हार्नेसची मान्यता त्या जोडणीसकट असते.

गाठ मारली की दोराची ताकद घटते, कारण तीव्र बाकात बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ओढले जातात आणि आतले नुसते दाबले जातात. आठाच्या गाठीत साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ताकद उरते. बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ) त्याच्या थोडी खाली. साध्या एका वेढ्याच्या गाठीत जेमतेम निम्म्याच्या आसपास. दोर तुटतो तोही बहुतेक गाठीच्या तोंडाशी, म्हणजे भाराकडची बाजू जिथे गाठीत शिरते तिथे. नवख्याने हिशेबात सरसकट निम्मी ताकद धरावी. २२ चे ११ झाले तरी तुमच्या वजनाच्या चौदा पट उरतात.

तेव्हा ब्रिज तुटेल ही भीती थोडी बाजूला ठेवा. खरी काळजी गाठ निसटण्याची करावी. ब्रिजवर भार सतत नसतो. तुम्ही फांदीवर उभे राहिलात की तो सैल पडतो, लटकलात की ताणतो, आणि दिवसभरात हे असंख्य वेळा होते. दोर कडक आणि नवा असेल, गाठीची शेपटी, म्हणजे गाठीपुढे उरलेले टोक, तोकडी असेल, तर प्रत्येक सैल पडण्यात गाठ केसभर उघडते. शेपटी दोराच्या जाडीच्या निदान दहापट ठेवा: ११ मिलिमीटरच्या दोराला ११ सेंटिमीटर. वेढे एकमेकांशेजारी समांतर बसवा, एकावर एक चढू देऊ नका. मग वजन टाकून गाठ आवळून घ्या. नुसत्या हाताने ओढलेली गाठ आवळलेली नसते.

दोर कशाचा आहे तेही पाहा. नायलॉन ताणतो, झटका सोसतो, पण भिजला की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो. पॉलिएस्टरला पाण्याचा तेवढा त्रास नाही. डायनिमासारखा (अतिबळकट पॉलिथिलीनचा) दोर वजनाच्या मानाने भलताच ताकदवान, पण गुळगुळीत, साध्या गाठीतून सरकणारा आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळू लागणारा. त्याचा ब्रिज गाठी मारून करू नये. अ‍ॅरामिडचे (केव्हलरच्या जातीच्या तंतूचे) आवरण उष्णतेला दाद देत नाही, मात्र उन्हाने आणि सतत दुमडण्याने आतून कमजोर होत जाते, आणि वरून पाहून ते ओळखणे कठीण असते.

पहिली पायरी: हाताने आणि डोळ्यांनी

यंत्राकडे धावण्याआधी उतरवलेला ब्रिज उजेडात घ्या. दर दोन बोटांवर त्याचा 'यू' करून पाहा. निरोगी दोर सगळीकडे सारखा गोल वाकतो. कुठे एकदम चपटा पडला, मोडल्यासारखा कोन झाला किंवा लाकडासारखा कडक लागला, तर आत गाभा बिघडला आहे. आवरणावर चकचकीत, काचेसारखा डाग दिसला तर तिथे घासून दोर वितळलेला आहे. रिंग जिथे फिरते तो मधला भाग आणि कडीत बसणारा भाग, या दोन जागा जास्त वेळ घेऊन पाहा. गाठ सोडून तिच्या आतला दोरही पाहायचा असतो, आणि तो कंटाळा सगळ्यांनाच येतो.

आमच्याकडची खास पीडा मांजाची. काच लावलेल्या दोऱ्याचे बारीक तुकडे आवरणाच्या विणीत रुततात आणि प्रत्येक वाकण्याबरोबर आतले तंतू कापत राहतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी जानेवारीत झाडावर काय काय सापडते ते चढणाऱ्याला विचारा. मकरसंक्रांतीच्या पंधरवड्यात काम केलेला ब्रिज कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि बोटांनी पूर्ण चाचपा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोर ठेवू नका, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक ब्रिजला एक चिठ्ठी हवी: दोर कोणता, बांधला कधी, उतरवला कधी, गाठ कोणती, मध्ये कधी जोराचा झटका बसला का. चिठ्ठी नसलेला ब्रिज तोडून आकडा मिळतो, अर्थ मिळत नाही.

दुसरी पायरी: जमिनीलगत सरकण्याची चाचणी

ही घरच्या घरी, म्हणजे वर्कशॉपच्या गर्डरखाली, करता येते आणि नवख्याला सगळ्यात जास्त शिकवते. इथे वापरायचा ब्रिज नवा, पुस्तिकेप्रमाणे बांधलेला, वर जाण्याआधीचा. खाली गादी टाका. पाय जमिनीपासून वीत-दीड वीत उंच राहतील एवढेच लटका. हार्नेसच्या बाजूच्या कड्यांना एक वेगळी लॅनयार्ड सैल लावून ठेवा, गाठ निसटली तर तिने धरायला हवे.

गाठीतून शेपटी जिथे बाहेर पडते तिथे दोरावर रंगीत धाग्याचा एक टाका घाला. मार्करची रेघ घामाने पुसते, शिवाय काही शाया दोराला बाधतात. आता लटका, उतरा, गाठ हाताने हलवा, पुन्हा लटका. असे पन्नास वेळा करा आणि दर दहाला टाका किती सरकला ते पट्टीने मोजून लिहा. पहिल्या दहात काही मिलिमीटर सरकणे ठीक आहे, गाठ बसते आहे. त्यानंतर सरकणे थांबले पाहिजे. चाळीसनंतरही शेपटी आखूड होत असेल तर ती गाठ त्या दोरासाठी नाही. एक वेढा वाढवून पुन्हा सुरू करा, आणि पुस्तिका परवानगी देत नसेल तर दोरच बदला.

हाताशी लटकता डिजिटल काटा असेल, भंगारवाल्यांकडे असतो तसला, तर तो मध्ये लावून बघा. स्थिर लटकताना ८० दाखवणारा काटा तुम्ही एकदम अंग टाकल्यावर कुठे जातो ते पाहण्यासारखे आहे. भार अचानक पडला, अगदी शून्य उंचीवरून, तरी ओढ दुप्पट होते. त्यात अर्धा हात ढील असेल तर आणखी वाढते. स्वस्त काट्याचा आकडा सावकाश बदलतो आणि झटक्याचे टोक त्याला दिसतच नाही, म्हणून त्यावर दिसले त्यापेक्षा खरा झटका मोठाच समजा. दोर सतत ताणात ठेवा, ढील राहू देऊ नका, हा नियम तोंडपाठ करण्यापेक्षा काट्यावर एकदा पाहिलेला जास्त टिकतो.

तिसरी पायरी: तोडायचे कुठे

झाडाला बांधून जीपने किंवा जेसीबीने ओढणे हा तमाशा आहे, चाचणी नव्हे. आकडा मिळत नाही, झाडाची साल जाते आणि तुटलेले टोक कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नसतो. दोन टनांची चेनपुलीही पुरत नाही. दोन टन म्हणजे जेमतेम १९.६ किलोन्यूटन, आणि दोन बाजूंचा ब्रिज एवढ्यात तुटेलच असे नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) असते, ज्यावर सळया ओढून तोडतात. बडोद्यात ही परंपरा जुनी आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले, तेच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत आले. कोणत्याही महाविद्यालयात रीतसर अर्ज करून विचारताना दोन गोष्टी आधी विचारा. एक, यंत्राचा आवाका किती. ४०० किलोन्यूटनच्या यंत्राला १५ म्हणजे पावणेचार टक्के, आणि एवढ्या खालच्या टोकाला त्याच्या आकड्याचा भरवसा कमी असतो. लहान रेंज किंवा वेगळा लोड सेल (भार मोजणारा भाग) आहे का ते पाहा, आणि त्याचे कॅलिब्रेशन कधी झाले तेही. दोन, यंत्राची चाल किती, म्हणजे ते किती लांबवर ओढू शकते. सळई थोडी लांबते आणि तुटते. दोर आधी गाठी आवळतो, मग ताणतो, मग तुटतो, आणि तोवर यंत्राची चाल संपून जाते.

म्हणून माझे मत विचाराल तर यूटीएमपेक्षा क्रेनचे स्लिंग (भार उचलायचे दोर-पट्टे) तपासणाऱ्यांचे ओढून पाहायचे आडवे पटल बरे. २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे कारखान्यातले उचलण्याचे दोर आणि साखळ्या बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्याव्या लागत. त्यामुळे मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत असे काम करणाऱ्यांची चौकशी करता येते. पटलाची चाल लांब असते, वर जाळीचे झाकण असते, आणि माणसांना दोराची भाषा कळते.

चौथी पायरी: बांधणी आणि ओढणे

ब्रिज हार्नेसवर असतो तसाच यंत्रावर बांधा. एका जाड पट्टीला कमरेएवढ्या अंतरावर दोन कड्या, त्यात ब्रिजची दोन टोके, मध्ये तुमचीच रिंग, आणि ओढ रिंगला. कड्या आणि रिंग तुम्ही वापरता त्याच जाडीच्या हव्यात. बारीक पिनेवर दोर लवकर तुटतो, जाड पिनेवर उशिरा, आणि दोन्ही आकडे तुमच्या कामाचे नाहीत. चाचणीत वापरलेली रिंग, शॅकल, कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या जोडकड्या) पुन्हा चढाईला घ्यायची नाही. खुद्द हार्नेस यंत्रावर चढवू नये हे ओघाने आलेच.

आता अंतर. समजा ब्रिज १८ किलोन्यूटनला तुटला आणि तोवर २० सेंटिमीटर ताणला. त्यात साठलेली ऊर्जा ढोबळमानाने १,८०० ज्यूल, म्हणजे १८ किलोचे वजन तिसऱ्या मजल्यावरून पडावे तेवढी. ती एका क्षणात सुटते आणि रिंग घेऊन जाते. दोराच्या रेषेत पुढेमागे कोणीही उभे राहायचे नाही, झाकण नसेल तर वर जड गोधडी किंवा वाळूची पोती टाकायची, आणि वाचन मोबाइलच्या कॅमेऱ्याने करायचे.

ओढताना आधी १ किलोन्यूटनवर थोडे थांबा, गाठी बसू द्या, शेपट्या मोजा. मग सावकाश, एका गतीने वाढवा. १५ वर तीन मिनिटे थांबून पुन्हा शेपट्या पाहा, पण जवळ न जाता. त्यानंतर तुटेपर्यंत. ओढण्याची गती दर नमुन्याला तीच ठेवा.

तुटल्यावर आकड्याआधी जागा लिहा: गाठीच्या तोंडाशी, रिंगखाली, कडीवर, की गाठच निसटली. निसटलेल्या गाठीच्या आतला दोर चकचकीत झाला असेल तर तो सरकताना तापला होता.

आकडे वाचताना

यंत्राने दाखवलेले ३० किलोन्यूटन म्हणजे दोराची ताकद ३० नव्हे. बाजू समांतर असतील तर प्रत्येकीवर १५ आले, ९० अंशांचा कोन असेल तर २१. म्हणून कोनाचा फोटो काढल्याशिवाय आकडा लिहू नका. कॅटलॉगमधल्या एकेरी दोराच्या आकड्याशी हा आकडा ताडून 'माझा ब्रिज दोरापेक्षा मजबूत' म्हणणारे भेटतात.

एकच नमुना तोडून काही ठरत नाही. समजा पाच सारखे ब्रिज तोडले आणि प्रत्येक बाजूवर १७.८, १८.४, १६.९, १८.१ आणि १७.३ आले. सरासरी १७.७. पण तुमच्या कमरेला सरासरी ब्रिज बांधलेला नसतो, एखादा कमनशिबीही असू शकतो. म्हणून प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याच्या मापाची) तिप्पट सरासरीतून वजा करतात. इथे विचलन ०.६, तेव्हा उरले १५.९. हाच आकडा वहीत ठेवा. आकडे फार विखुरलेले असतील तर सरासरी कितीही चांगली असो, बांधणाऱ्याचा हात अजून बसलेला नाही.

जुन्याचा अर्थ लावायला त्याच दोराचे, त्याच गाठीचे दोन-तीन नवे ब्रिज तोडलेले हवेत. नव्या दोरावर पैसे घालवायचे ते फक्त एवढ्यासाठी. नवे गाठीशी तुटत असतील आणि जुना मध्येच रिंगखाली तुटला, तर आकडा घसरला नसला तरी झीज गाठीच्या पुढे गेली आहे. असा ब्रिज उतरवायला तुम्ही उशीर करता आहात. पुढचा दोन-तीन महिने आधी उतरवा आणि तोही तोडून पाहा. जुना नव्याइतक्याच भाराला आणि त्याच जागी तुटला, तर तुमची मुदत ठीक आहे. मात्र म्हणून ती वाढवू नका. पुस्तिकेतल्या मुदतीपुढे तर नाहीच.

आणि १५ वर तीन मिनिटे टिकून न तुटलेला नमुना? तो 'पास' झाला म्हणून परत हार्नेसवर बांधण्याचा मोह होतो. त्याचे तंतू आतून किती तुटले आहेत ते कोणालाच दिसत नाही. तोडलेले आणि न तुटलेले, दोन्ही तिथेच कात्रीने वीतभर तुकड्यांत कापा. पूर्ण लांबीचा दोर दिसला की कोणीतरी तो उचलून नेतो आणि कशाला तरी बांधतो.